अंगणातल्या पाखरांसाठी पाणी कसं ठेवावं?

२० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला घरोघरी मातीची भांडी टांगली जातात. मे उजाडेपर्यंत त्यातली बरीचशी ठणठणीत कोरडी असतात. आणि खरी गरज तेव्हाच असते, सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेल्यावर. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर काढतात आणि त्यात शरीरातलं पाणी खर्ची पडतं.

आधी भांडं. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ घ्या. कडेला एक इंच, मध्ये फार तर दोन इंच खोल. याहून खोल कुंड्यात नुकती उडू लागलेली पिल्लं बुडतात. रंगवलेलं, चकचकीत भांडं दिसायला छान, पण त्यात पाय घसरतो आणि ते पाझरत नाही. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाझरणारी माती पाणी मस्त गार ठेवते. मधोमध एक खडबडीत दगड ठेवा आणि एखादी काटकी आडवी टाका. मधमाश्याही पाण्याला येतात.

मग जागा. ती सकाळी ठरवू नका, दुपारी तीनला बाहेर येऊन बघा. सकाळची सावली तोवर भलतीकडे सरकलेली असते. कडुनिंबाखालची जागा उत्तम. पत्रा आणि उघडा स्लॅब नकोच, तिथे पाण्याचा काढा होतो. मांजर असेल तर दाट झुडपापासून सहा-सात फूट लांब, जरा उंचावर ठेवा. टांगायचं असेल तर तार वापरा. प्लॅस्टिकची दोरी उन्हानं कडक होऊन तुटते.

पाणी साधंच. साखर, मीठ, ओआरएस, बर्फ यातलं काही घालू नका. पहाटे एकदा भरायचं, दुपारी कमी झालं की पुन्हा. "नळाला रोज पाणी येत नाही, पाखरांना कुठून देऊ?" हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. अहो, दिवसाला लागतात दोन-तीन तांबे. आणि उरलेलं शिळं पाणी कुंडीतल्या तुळशीला चालतं.

खरं काम धुण्याचं. पहिला गिऱ्हाईक बहुतेक कावळा. कुठूनतरी कडक भाकरीचा तुकडा उचलून आणतो, परळाच्या कडेला बसतो, तुकडा पाण्यात टाकतो, मऊ पडला की उचलून खातो. मागे राहतो तो चुरा, आणि उन्हात पाणी लवकर आंबतं. साळुंक्या तर त्यात अंघोळच करतात. म्हणून रोज सकाळी जुनं पाणी ओतून नारळाच्या काथ्यानं परळ आतून, विशेषतः पाण्याच्या रेषेपाशी, घासायचं. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती तिथेच, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. साबण मात्र टाळा, माती तो शोषून घेते. आठवड्यातून एकदा परळ दिवसभर कडक उन्हात वाळवा. आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' इथेही पाळायचा. त्या दिवसासाठी दुसरं परळ हाताशी असू द्या. दोन परळं घ्यायचा खर्च फार नाही, आणि खंड पडत नाही हे महत्त्वाचं.

सुरुवातीला कोणी फिरकत नाही. म्हणून रोज जागा बदलत बसू नका. एका सातभाईला पत्ता लागला की अख्खी टोळी कलकलाट करत येते, मागोमाग बुलबुल आणि चिमण्या. शिंजीर मात्र क्वचितच उतरतो, त्याचं बरंचसं फुलांतल्या रसावर भागतं.

गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा. जूनच्या पहिल्या सरीला मात्र भांडं उचलू नका. सोलापूरचा खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात पडतो, मधली उघडीप लांबते. अंगणात, रस्त्यावर पाणी साचायला लागलं की मगच परळ घासून, वाळवून पालथं घाला.