मारुती ८०० चं क्रँक-बेअरिंगचं काम घरी करायचं असेल तर

जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घरी उघडायला बरंय, लहान आहे आणि साखळी पुली लावून दोघंजण बाहेर काढतात. पण आधी काम खालचंच, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणारा खालचा दांडा) बेअरिंगचंच आहे ना ते बघा. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय आणि रेस दिली की खालून ठकठक येतेय, तर चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून बघा, जिची काढल्यावर ठोका कमी होतो तिथलं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं) गेलंय असं धरा. नुसता निळा धूर असेल तर रिंगा नाहीतर वॉल्व्ह सील, क्रँकला हात लावू नका.

ऑइल चेंबर उघडलं की कुठलीही कॅप (बेअरिंगवर बोल्टने आवळलेलं अर्धं झाकण) सोडायच्या आधी नंबर बघा. रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कधी बदलायची नाही, नंबर पुसले असतील तर पंचने ठिपके मारा, मेन कॅपवरचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी कॅप) बाण पुलीकडे असतो. पिस्टन वर ढकलताना रॉडच्या बोल्टना रबरी नळीचे तुकडे घाला, नाहीतर क्रँकवर ओरखडा गेलाच.

आता मुख्य गोष्ट. नवीन बेअरिंग अजून घ्यायचं नाही! आधी मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मोजा, एकदा उभा एकदा आडवा, दोन्ही मापांत फरक आला म्हणजे जर्नल अंडाकृती झालाय. मग क्रँक ग्राइंडिंगला द्यायचा, आणि लेथवाला जर्नल ०.२५ मिमीने बारीक करतो की ०.५० ने हे कळल्यावरच त्या साईजचं बेअरिंग. दुकानदार "स्टँडर्डच लागतं सगळ्यांना" म्हणतो, त्याचं काय जातंय. ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकची ऑइलची भोकं ब्रश आणि डिझेलने धुवा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा, तिथली एक कणी नवं बेअरिंग खाते.

बसवताना बेअरिंगची पाठ एकदम कोरडी, खाच असलेलं अर्धं मेन बेअरिंग ब्लॉकमध्ये. फायनल बसवायच्या आधी प्लॅस्टिगेज (दाबली की पसरणारी, बेअरिंगमधली फट मोजायची बारीक पट्टी) लावून बघाच. कोरड्या जर्नलवर पट्टी ठेवायची, कॅप टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत उघडून पसरलेली रुंदी पाकिटावरच्या मापाशी लावून फट मोजायची. साधारण ०.०२ ते ०.०५ मिमीत आलं की झकास, ०.०८ च्या पुढे गेलं तर परत लेथवाल्याकडे. हा फरक हाताला कळत नाही, "हाताचा अंदाज" वगैरे सांगणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका.

नंतर बेअरिंगला भरपूर ऑइल, आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा, एका कॅपनंतर जड झाला तर तिथेच थांबा, पुढची आवळून तो सुटत नाही. पिस्टनची रिंग आधी बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) सरळ बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तिच्या तोंडाची गॅप बघा. पिस्टनवरचा बाण पुलीकडे, रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ढकलायचा, अडकला तर रिंग बाहेर आलीय, ठोकू नका.

ऑइल पंपात ऑइल भरून मगच बसवा. सगळं जोडून झालं की प्लग काढून ठेवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडाथोडा सेल्फ (स्टार्टर) मारा आणि त्यानंतरच स्टार्ट करा. पहिलं ऑइल ५०० किमीला बदला, आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून धातूच्या कणांची चमक दिसतेय का बघा.