ट्रॅव्हल ट्रेलरचे अॅक्सल आणि ब्रेक बदलताना: आधी काटा, मग पाना

ट्रॅव्हल ट्रेलरच्या कागदांवर जे रिकामे वजन छापलेले असते, ते वजन त्या ट्रेलरला पुन्हा कधी दिसत नाही. पाण्याची टाकी भरते, गॅसचे सिलिंडर चढतात, एका बॅटरीच्या दोन होतात, छपरावर वातानुकूलन यंत्र येते आणि दोन-तीन मोसमांनंतर मालकाच्या लक्षात येते की टायर आतल्या कडेने झिजत आहेत, पाटे (अॅक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सपाट झाले आहेत आणि उतारावर ब्रेक दाबला की ट्रेलर मागून गाडीला ढकलतो. अशा वेळी बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते जास्त क्षमतेचे अॅक्सल मागवणे. विचार चुकीचा नाही. चुकतो तो क्रम. ट्रेलर आधी वजनकाट्यावर चढवावा आणि पाना त्यानंतर हातात घ्यावा.

वजन नेहमीच्या प्रवासाला निघताना असते तसेच करावे, म्हणजे पाणी, सामान, सायकली, सगळे जागच्या जागी ठेवून. आधी ओढणारी गाडी एकटी तोलावी. मग ट्रेलर जोडून केवळ गाडीची चाके काट्यावर घ्यावीत. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवर, अर्थात गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, येणारा भार. भार विभागणारी हिच असेल तर तिच्या दांड्या या वेळी सोडून ठेवाव्यात, नाहीतर आकडा फसवा येतो. शेवटी केवळ ट्रेलरची चाके तोलावीत आणि जमल्यास एका बाजूची चाके काट्याबाहेर ठेवून डावी-उजवी बाजू वेगवेगळी तोलावी. हा शेवटचा भाग बहुतेक जण टाळतात आणि नेमका तिथेच दोष लपलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. दोन अॅक्सलच्या ट्रेलरवर प्रत्येकी ३५०० पौंडांचे, म्हणजे सुमारे १५८८ किलोंचे अॅक्सल आहेत. हिचवर २९० किलो भरले आणि चाकांवर २७६०, म्हणजे ट्रेलरचे एकूण वजन ३०५० किलो. प्रत्येक अॅक्सलवर १३८० किलो आले, तेव्हा वरवर पाहता सारे ठीक वाटते. पण बाजू वेगळ्या तोलल्यावर डावीकडे १५०० आणि उजवीकडे १२६० किलो निघाले, कारण स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज आणि टाकी तिन्ही डावीकडेच आहेत. डावीकडच्या प्रत्येक टायरवर ७५० किलो आले आणि टायरची क्षमता ८०० किलोच असली, तर एका खड्ड्यापुरतीही सवलत उरत नाही. इथे नवे अॅक्सल मागवण्याआधी सामान उजवीकडे हलवणे आणि टायर बदलणे हे दोन स्वस्त उपाय समोर आहेत.

तरीही अॅक्सल बदलायचेच ठरले, तर एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. अॅक्सल कितीही दणकट बसवले, तरी उत्पादकाने ठरवलेली ट्रेलरची कमाल वजनमर्यादा त्यामुळे वाढत नाही, कारण चासी, कपलर (हिचवर बसणारे ट्रेलरचे पुढचे टोक), पाटे चासीला अडकवणारे हँगर आणि ओढणारी गाडी जुनीच राहते. नव्या अॅक्सलमुळे मिळते ती राखीव ताकद, जास्त सामान भरण्याचा परवाना नव्हे. चाकांवरच्या प्रत्यक्ष भारापेक्षा साधारण २० टक्के जास्त क्षमता मला पुरेशी वाटते. त्याहून फार वरचे अॅक्सल त्याच्याच कडक पाट्यांसह घेतले, तर प्रत्येक धक्का थेट चासीला लागतो आणि काही महिन्यांत कपाटांचे स्क्रू सैल होऊ लागतात. अॅक्सल वरच्या क्षमतेचे आणि पाटे प्रत्यक्ष भाराला शोभतील असे, हा मेळ बहुतेक वेळा जास्त सुखाचा ठरतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी दोन मापे स्वतः घ्यावीत: एका हबच्या चाक बसणाऱ्या पृष्ठभागापासून दुसऱ्या हबच्या तशाच पृष्ठभागापर्यंतचे अंतर आणि दोन पाट्यांच्या मध्यांमधले अंतर. उत्तर अमेरिकी बनावटीत ३५०० पौंडांच्या अॅक्सलवर सहसा ब्रेकचे १० इंची ड्रम आणि पाच बोल्टांची चाके असतात, तर ५२०० पौंडांच्या अॅक्सलवर १२ इंची ड्रम आणि सहा बोल्टांची. म्हणजे या बदलात रिम आणि टायरही बदलतात, आणि मोठा टायर चाकाच्या कमानीत मावेल का, दोन टायरांमध्ये पुरेशी फट राहील का, हे मोजावे लागते. रबरी टॉर्शन अॅक्सल, ज्यांत पाट्यांऐवजी नळीतले रबर धक्के झेलते, प्रवासाला मऊ असतात आणि त्यांत शॅकल (पाट्याचे टोक धरणारी कडी) आणि तिच्या बुशची कटकट नसते. मात्र जोडीने बसवलेले टॉर्शन अॅक्सल आपसांत भार वाटून घेत नाहीत, त्यामुळे ट्रेलरचे नाक वर राहिले की मागच्या अॅक्सलवर जास्त ओझे पडते. ज्याच्या गाडीचा हिच उंच आहे, त्याने आधी उंची जुळवावी.

अॅक्सल उतरवणे आणि चढवणे

ट्रेलर सपाट, टणक जागी उभा करावा, टाक्या रिकाम्या कराव्यात, आणि जॅक नेहमी चासीच्या तुळईखाली, हँगरजवळ लावावा. अॅक्सलच्या नळीखाली लावलेला जॅक नळी वाकवतो. ट्रेलर भक्कम स्टँडवर टेकल्याशिवाय त्याखाली शिरू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

अॅक्सल पाट्यांना आवळून धरणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. शॅकलचे प्लास्टिकचे बुश निघालेच आहेत तर त्यांच्या जागी पितळी बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवावेत, कारण प्लास्टिकचे बुश झिजून बोल्टाने शॅकलचे भोक लंबगोल केलेले अनेक ट्रेलरांवर दिसते. पाट्यांच्या अॅक्सलला किंचित बाक असतो आणि तो वरच्या बाजूलाच राहिला पाहिजे, म्हणजे भार आल्यावर नळी सरळ होते आणि टायर रस्त्यावर सपाट बसतात. पाट्याच्या मधल्या बोल्टाचे डोके अॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट शिरले आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. मग यू-बोल्टाचे नट आलटून-पालटून, थोडे थोडे, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत) आवळावेत.

शेवटचे टॉर्क देण्यापूर्वी रेषा तपासावी. कपलरच्या मध्यापासून पुढच्या अॅक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतची अंतरे ३ मिलिमीटरच्या आत सारखी असावीत, आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलमधली दोन्ही बाजूंची अंतरे दीड मिलिमीटरच्या आत. टेप ताणून धरायला दुसरा माणूस लागतो, एकट्याने हे माप कधीच खरे येत नाही.

बेअरिंग भरताना ग्रीस रोलरांच्या मधल्या फटींतून दुसऱ्या बाजूला दिसेपर्यंत दाबावे आणि ऑइल सील नवेच घालावे. हब हाताने फिरवत नट पक्का आवळावा, म्हणजे बेअरिंग बसते. मग नट पूर्ण सैल करून केवळ बोटांनी आवळावा आणि स्प्लिट पिन घालावी. हब बिनअडथळा फिरला पाहिजे आणि त्याला जेमतेम जाणवेल इतकाच खेळ असला पाहिजे.

ब्रेक

इथे आपण विजेवर चालणाऱ्या ड्रम ब्रेकचा विचार करत आहोत. त्याची रचना एकदा समजली की निम्मे दोष आपोआप सापडतात. गाडीतल्या नियंत्रकाकडून वीज आली की चाकातले चुंबक ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटते, फिरत्या ड्रमबरोबर थोडे ओढले जाते आणि त्याच्याशी जोडलेली दांडी शूंना, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या कमानींना, बाहेर ढकलते. तो पृष्ठभाग ग्रीसने माखला असेल, तर चुंबक घसरते आणि चांगला ब्रेकही नावापुरता उरतो. सील फाटून ग्रीस लायनरपर्यंत, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरापर्यंत, पोहोचले असेल, तर लायनर पुसून वापरण्याचा मोह टाळावा आणि शू बदलावेत.

ब्रेकचे संच डावे आणि उजवे असे वेगळे असतात. आखूड लायनरचा शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला येतो आणि लांब लायनरचा मागे, कारण पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जाऊन मागच्या शूवर जोर टाकतो आणि थांबवण्याचे मुख्य काम मागचा शू करतो. संच उलटे बसले, तरी ब्रेक लागतात. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

आता तारा. एका चुंबकाला साधारण ३ ते ४ अँपिअर लागतात, म्हणजे चार चाकांना १२ ते १६. कारखान्यातून आलेली बारीक तार इतका प्रवाह चाकापर्यंत नेताना वाटेतच दाब गमावते. मुख्य तार किमान १२ गेजची, लांब ट्रेलरवर १० गेजची (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) घ्यावी आणि परतीची तारही तितकीच जाड, थेट पुढच्या प्लगपर्यंत आणावी. गंजलेल्या चासीच्या भरवशावर अर्थिंग सोडू नये. चुंबकाच्या दोन तारांपैकी कोणती कशाला जोडली याने फरक पडत नाही. मात्र एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी तार अॅक्सलच्या नळीतून नेलेली असेल, तर ती काढून बाहेरून बांधून न्यावी. माझ्या जुन्या ट्रेलरचे ब्रेक खडबडीत रस्त्यावर मधूनच जात आणि थांबून तपासले की व्यवस्थित चालत. दोन दिवस नियंत्रक आणि प्लग उलटसुलट करून पाहिल्यावर कळले की नळीच्या आत हिंदकळून तारेचे आवरण घासले गेले होते आणि धक्क्यासरशी तांबे लोखंडाला टेकत होते.

जोडणी झाली की चाक उचलून, ब्रेकच्या मागच्या पत्र्यातल्या फटीतून दातेरी चक्र फिरवत चाक जड होईपर्यंत शू पसरवावेत, मग लायनर हलकेच घासल्याचा आवाज राहील इतपत सैल करावेत. शेवटी ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी सुरक्षा-पिन तपासावी. त्यासाठी आधी गाडीचा प्लग काढावा, नाहीतर नियंत्रक जळू शकतो. पिन ओढल्यावर उचललेली चाके हाताने फिरता कामा नयेत. तपासणी होताच पिन परत घालावी, कारण त्या वेळी चुंबके ट्रेलरच्या बॅटरीवर चालतात.

नवे लायनर लगेच पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६५ किलोमीटरवरून ३० पर्यंत, असे वीस-तीस वेळा ब्रेक लावून ते बसवावेत आणि मधे ड्रमना थंड व्हायला वेळ द्यावा. ज्यांचा प्रवास डोंगरी रस्त्यांवरचा आहे, त्यांनी डिस्क ब्रेकचा खर्च जरूर विचारात घ्यावा. डिस्क तापल्यावरही पकड टिकवून धरते. पण तिला तेलाच्या दाबाचा वेगळा पंप लागतो आणि तो पंप डिस्कसाठी लागणारा १६०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब देणाराच हवा. ड्रमसाठीचा १००० पीएसआयचा चालत नाही.

भाराचा तोल

बैलगाडीच्या भाषेत सांगायचे, तर ट्रेलर उलाळ (मागे जड) नको आणि फार धुरजडही (पुढे जड) नको. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा. युरोपीय कॅराव्हॅन हलक्या आणि वेगळ्या बांधणीच्या असल्याने तिथे ५ ते ७ टक्के पुरतात, पण तो आकडा उचलून दुसरीकडे लावू नये. भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि वेग वाढला की ते हेलकावे आपले आपण वाढत जातात. भार जास्त झाला की ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. भार विभागणारी हिच हा ताण पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे वाटून देते. हिचवरचा भार कमी असण्याचा दोष मात्र तिने भरून निघत नाही.

वरच्या उदाहरणात २९० किलो म्हणजे साडेनऊ टक्के होतात, थोडे कमीच. समजा कपलरपासून दोन अॅक्सलच्या मध्यापर्यंत ५ मीटर अंतर आहे आणि त्या मध्याच्या २ मीटर मागे ४० किलोंची हत्यारपेटी ठेवलेली आहे. ती पेटी हिचवरून १६ किलो उचलून घेते, कारण ४० ला २ ने गुणून ५ ने भागले की १६ येतात. तीच पेटी मध्याच्या १ मीटर पुढे आणली की हिचवर ८ किलो वाढतात. एक पेटी हलवून २४ किलोंचा फरक पडला आणि हिचवरचा भार ३१४ किलो, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर गेला. पाण्याच्या टाकीलाही हाच हिशेब लागू होतो. ती मागे असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचा ट्रेलर रस्त्यावर वेगवेगळा वागतो.

केवळ टक्केवारी साधून भागत नाही. पुढच्या टोकाला दोन बॅटरी आणि मागच्या टोकाला सायकलींची चौकट ठेवूनही आकडा बरोबर येईल, पण दोन टोकांना ओझे बांधलेला ट्रेलर एकदा डोलू लागला की लवकर थांबत नाही. जड वस्तू जमिनीलगत, अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. आणि कधी डोलणे सुरू झालेच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये. अॅक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून, नियंत्रकाच्या हातदांडीने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

पहिल्या प्रवासात १५, ४० आणि ८० किलोमीटरांवर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा पाहावेत, कारण नव्या रिमचे नट हमखास थोडे सैल पडतात. त्याच थांब्यावर चारही हबजवळ हाताचा पंजा धरावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर तिथे बेअरिंग जास्त आवळलेले आहे किंवा शू सुटत नाहीत, आणि पुढचा रस्ता धरण्यापूर्वी ते चाक उचलावे लागेल.