हॉटेलच्या लॉबीतून चीजच्या काउंटरवर

हॉटेल मॅनेजमेंट करायचं म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर लॉबी असते. झुंबर, साडी, हसतमुख स्वागत. मीही तेच बघून आले होते. आज पुण्यात चीज, कॉफी, चॉकलेट, ऑलिव्ह ऑइल असला खास माल विकणारं एक दुकान मी सांभाळते. इथवरची वाट लॉबीतून निघाली नाही, हॉटेलच्या मागच्या दारातून निघाली.

बारावीनंतर मी बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, केली. चार वर्षांचा कोर्स, त्यासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांमधून याच विषयात बीएस्सी करायचं असेल तर एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची परीक्षा. या दोन परीक्षा वेगळ्या, फॉर्मही वेगळे, तेव्हा बारावी सुरू झाली की दोन्हींच्या तारखांवर लक्ष ठेवा. कॉलेजात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, फूड प्रॉडक्शन (स्वयंपाकघर) आणि एफ अँड बी सर्व्हिस (खाणंपिणं वाढणं) हे चार विभाग शिकवतात. स्टोअर आणि पर्चेस, म्हणजे मालाची खरेदी आणि साठवण, मात्र त्यात कुठेतरी एखाद्या धड्यापुरतं येतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

ट्रेनिंगला गेले त्या हॉटेलात मला सरळ फ्रंट ऑफिसला टाकलं. स्टोअर मागितलं तर उत्तर आलं, "तिथं पोती उचलावी लागतात, मुलींचं काम नाही." मी हट्टच धरला, तेव्हा कुठे तीन आठवडे मिळाले. तिथल्या स्टोअरकीपरना सगळे मामा म्हणायचे. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या हातातलं बिल काढून घेतलं. "बिल मागनं बघ. आधी माल बघ."

मग त्यांनी दाखवलं. टोमॅटोच्या क्रेटमध्ये हात थेट तळाशी घालायचा, वरचा थर सगळेच छान लावतात. फ्रोझन मटारची पिशवी हलवून बघायची. दाणे सुटे वाजले तर ठीक, गठ्ठा झाला असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. थर्मामीटर दोन पाकिटांच्या मधोमध धरायचा, चिल्ड माल ५ अंशांच्या आत, फ्रोझन उणे १८. आकडा चुकला तर गाडी परत, ड्रायव्हर कितीही ओरडला तरी. त्या तीन आठवड्यांत जे शिकले, त्यावर आजही माझी रोजीरोटी चालते.

पदवीनंतर दोन वर्षं रेस्टॉरंटच्या फ्लोअरवर काढली. ब्रेक शिफ्ट असायची, म्हणजे सकाळी आणि रात्री काम, मधे सुट्टी. सकाळी कोथरूडहून निघायचं, दुपारी मधले तीन तास कुठे घालवायचे हा प्रश्न, आणि घरी पोचायला साडेअकरा. एका ठिकाणी मुलाखतीत 'ड्रॉप आहे' म्हणाले होते, प्रत्यक्षात गाडी मुख्य चौकात सोडून जायची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकानं करायची असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही ऑफर लेटर घेतानाच विचारा, आणि लेखी घ्या. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्यात कोण आहे, तेही विचारा. विचारणाऱ्या मुलीला आगाऊ समजणारी जागा सोडलेलीच बरी.

मग रिटेल. घरी आई म्हणाली, "एवढं शिकून दुकानात?" पगारही सुरुवातीला थोडा कमीच होता. पण काउंटरवर उभी राहिले आणि कळलं की इथं हॉटेलमधलं आदरातिथ्य लागतं आणि स्टोअरमधली नजरही.

एक काकू आठवतात. गौडाचा तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यात वासराच्या पोटातलं काही नाही ना? आमच्याकडे चालत नाही." माझ्या शेजारचा मुलगा "नाही नाही" म्हणून मोकळा झाला. काकूंचं त्यानं समाधान होईना. मी त्यांना पाकिटावरची हिरवी खूण दाखवली. दूध फाडायला रेनेट लागतं, ते परंपरेनं वासराच्या जठरातून काढत, पण आपल्याकडच्या नियमांत चीजला प्राणिज रेनेट चालत नाही, सूक्ष्मजीवांपासून केलेलं वापरतात, हेही सांगितलं. मग एक पातळ काप चाखायला दिला. त्या दर पंधरा दिवसांनी यायला लागल्या. ग्राहक खरेपणानं विचारतो, त्याला खरंच उत्तर मिळायला हवं. म्हणून लेबल वाचायला शिका, घटक पाठ करा.

आता हिशेब, कारण मॅनेजर होण्याआड हाच येतो. समजा चीजचं ५ किलोचं चाक १,२०० रुपये किलोनं घेतलं, म्हणजे ६,००० रुपये. कडा, सुकलेला भाग आणि चाखायला दिलेले काप धरून अर्धा किलो गेलं. विकायला उरलं साडेचार किलो, म्हणजे किलोमागे खरी किंमत पडली साधारण १,३३३. जी मुलगी १,२०० वर नफा लावते ती महिनाअखेरीला गोंधळते. मीही गोंधळले होते. दुसरी चूक मालाच्या क्रमाची. एकदा नवा ब्री, म्हणजे मऊ चीज, पुढे लावला आणि जुना मागे राहिला. सापडला तेव्हा त्याला अमोनियाचा उग्र वास येत होता, अख्खी पेटी फेकली. तेव्हापासून ज्याची तारीख आधी संपते ते पुढे, हे मी रोज सकाळी स्वतः तपासते. पावसाळ्यात तर जास्तच, कारण पुण्याच्या दमट हवेत बिस्किटं मऊ पडतात आणि दार उघडमीट झालेल्या चिलरमध्ये पाणी सुटतं.

फ्लोअर, मग विभाग, मग पूर्ण दुकान असं वर जायला मला सहा वर्षं लागली. मधे एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फॉस्टॅक हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं. खाद्यपदार्थांत काम करायचं असेल तर ते लवकर करून टाका.

हल्ली मीच मुलाखती घेते. उमेदवारापुढे आयात केलेल्या लोणच्याच्या दोन बरण्या ठेवते आणि म्हणते, बघा. कुणी किंमत वाचतं, कुणी देश. मागच्या महिन्यात एका मुलीनं दोन्ही बरण्यांच्या झाकणावर अंगठा दाबला, एक झाकण जरा फुगलेलं होतं ते बाजूला केलं, आणि मग दुसरीवरच्या आयातदाराच्या स्टिकरवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक शोधायला लागली. ती सोमवारपासून रुजू झाली. पहिले दोन महिने ती माल उतरवून घ्यायला मागच्या दाराशी असेल.