मोबाइलच्या लहरी, मेंदू आणि वनौषधी : काय करावे आणि कोणत्या क्रमाने

ब्राह्मी, अश्वगंधा, हळद, गिंको (मूळचा चीनमधील एक वृक्ष) किंवा तुळस यांचे अर्क घेतल्यास मोबाइल आणि वायफायच्या लहरींपासून मेंदूचे रक्षण होते, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. हा दावा समोर आला की सर्वप्रथम एकच गोष्ट पाहावी : तो नेमक्या कोणत्या लहरींविषयी आहे? क्ष-किरण आणि गॅमा किरण हे आयनीकारक असतात, म्हणजे त्यांची ऊर्जा पेशीतील रेणूंचे बंध तोडण्याइतकी असते. मोबाइलच्या रेडिओ लहरींत ती नसते. त्यांचा निर्विवादपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे, आणि त्यासाठीच मोबाइलवर शोषण-दराची, म्हणजे शरीराच्या ऊती लहरींची ऊर्जा किती वेगाने शोषतात याची, मर्यादा घातलेली असते. काही देशांत ही मर्यादा १ ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर प्रतिकिलो १.६ वॅट आहे, तर काही देशांत १० ग्रॅमच्या सरासरीवर २ वॅट आहे. तुळशीचे जे प्रयोग या संदर्भात पुढे केले जातात, ते प्रामुख्याने उंदरांवर गॅमा किरणांचा मारा करून केलेले आहेत. त्यांचा निष्कर्ष मोबाइलला लावणे म्हणजे आगीसाठी केलेली चाचणी उन्हासाठी दाखवण्यासारखे आहे.

भीतीचे मापही नीट घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘२ बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हा गट पुराव्याची बळकटी सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

वनौषधींच्या दाव्याचा उगम मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांत आहे. उंदरांना ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींसमोर ठेवले असता मेंदूतील ऑक्सिडेटिव्ह ताणाची (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू वाढल्याची) चिन्हे वाढली आणि गिंकोच्या पानांचा अर्क दिलेल्या उंदरांत ती कमी दिसली, अशा स्वरूपाचे हे काम आहे. ते टाकाऊ नाही. परंतु उंदराचे डोके लहान असते, लहरींचा स्रोत जवळ असतो आणि अर्काची मात्रा शरीराच्या वजनाच्या मानाने मोठी असते. त्यावरून माणसाच्या मेंदूला कवच मिळते असे म्हणता येत नाही.

म्हणून क्रमाने पहिला उपाय अंतराचा, कारण तो निश्चितपणे काम करतो. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की लहरींची तीव्रता ढोबळमानाने एक चतुर्थांश होते. लांबलचक बोलणे स्पीकरवर किंवा तारेच्या इअरफोनवर करावे आणि फोन झोपताना उशीखाली ठेवू नये. सिग्नल क्षीण असताना फोन टॉवरशी संपर्क राखण्यासाठी अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, त्यामुळे लिफ्टमध्ये किंवा तळघरात बोलणे थोडक्यात आटोपावे. फोनला चिकटवायच्या ‘संरक्षक’ चकत्यांपासून दूर राहावे. अँटेनाला अडथळा झाला तर फोन उलट शक्ती वाढवू शकतो.

एवढे करूनही वनौषधी घ्यायचीच असेल, तर तिची माणसांवरील कामगिरी जिथे तपासली गेली आहे त्या कारणासाठी घ्यावी. ब्राह्मीच्या बाबतीत आधी नाव तपासावे, कारण हे नाव दोन वेगळ्या वनस्पतींना लावले जाते : जलब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. स्मरणशक्तीविषयीच्या बहुतेक चाचण्या पहिलीवर झाल्या असून त्यांत साधारणपणे रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे दिलेला होता आणि स्मरणाच्या काही कसोट्यांत माफक सुधारणा दिसली. आठवड्याभरात फरक जाणवल्याचे सांगणाऱ्यांवर म्हणूनच फार विसंबू नये. मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होणे हे तिचे नेहमीचे त्रास आहेत, त्यामुळे ती जेवणानंतर घेणे बरे.

अश्वगंधेचा उपयोग ताण आणि झोप यांपुरता काही अंशी दिसून आला आहे. मात्र गरोदरपणात ती टाळावी, थायरॉइडचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि यकृताला इजा झाल्याच्या विरळ नोंदी आहेत हे लक्षात ठेवावे. (झोप रात्री उशिरापर्यंतच्या फोनमुळे उडत असेल, तर औषध कोणते हे वेगळे सांगायला नको.) हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते. मिऱ्यातील पायपरीन मिसळून शोषण वाढवलेल्या गोळ्या म्हणजे स्वयंपाकातील हळद नव्हे. त्यांच्याबाबतही यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. गिंकोची सर्वांत मोठी परीक्षा ३,००० हून अधिक वृद्धांवर झाली. रोज दोनदा १२० मिलिग्रॅम देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही, असा निष्कर्ष २००८ साली जाहीर झाला. वॉरफरिन किंवा ॲस्पिरिन ही रक्त गोठणे कमी करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी गिंको डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.

खरेदी करताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, अर्काचे प्रमाण आणि जड धातूंच्या स्वतंत्र तपासणीचा उल्लेख पाहावा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे मेंदूला घातक आहे, याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत कोणताही मतभेद नाही.

एका वेळी एकच वनौषधी सुरू करावी, सुरुवातीची तारीख आणि मात्रा लिहून ठेवावी, आणि लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अंगावर पुरळ येणे यांपैकी काहीही आढळल्यास ती लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर घेत असलेल्या प्रत्येक अर्काचे नाव आधीच सांगावे. फोन वापरल्यावर डोके दुखत असेल, तर ते दुखणे खरेच असते; परंतु लहरी चालू आहेत की बंद हे कळू न देता केलेल्या चाचण्यांत अशा व्यक्तींना दोन्हींतला फरक ओळखता आलेला नाही. त्यामुळे चष्म्याचा नंबर, मानेची ठेवण, अपुरी झोप आणि रक्तदाब यांची तपासणी आधी करून घ्यावी, आणि डोकेदुखी अचानक तीव्र झाली किंवा तिच्याबरोबर दृष्टी, बोलणे वा हातापायांची शक्ती बिघडली, तर वनौषधीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.