घरातली जुनी शिकारी रायफल : वारसाने काय करावे, काय टाळावे

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आजही काही जुन्या घरांत आजोबा-पणजोबांची शिकारी रायफल जपून ठेवलेली आढळते. अस्वल, बिबट्या किंवा वाघ डोळ्यांसमोर ठेवून ती घेतलेली असते, क्वचित विलायती कारागिराकडून मालकाच्या हाताच्या व खांद्याच्या मापाने खास बनवून घेतलेली असते, आणि तिचे बोअर, म्हणजे नळीचे आतले माप, असे असते की ते आज शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातही ऐकू येत नाही. परवाना ज्यांच्या नावावर आहे ते थकतात किंवा निवर्ततात, आणि मग या वस्तूचे काय करायचे हा प्रश्न मुला-नातवंडांपुढे येतो. अशा वेळी गावात मिळणारे सल्ले बहुतेक वेळा चुकीचे, आणि काही तर थेट तुरुंगाच्या वाटेवर नेणारे असतात. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट शिकारीची. ही रायफल ज्या कामासाठी बनली ते काम आता कायद्याने संपले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वल आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला प्रतिकार हा गुन्हा ठरत नाही, परंतु अशा वेळी मारलेला प्राणी शासनाच्या मालकीचा होतो आणि घटनेची चौकशी होतेच. शेतात किंवा मोहाच्या झाडाखाली अस्वल येत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्यासाठी रायफल दुरुस्त करून घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ प्रमाणे परवानाधारक हयात असतानाच रायफल वारसाकडे देता येते : त्यांच्या वयाला सत्तर वर्षे पूर्ण झालेली असावीत किंवा शस्त्र त्यांच्याकडे पंचवीस वर्षे असावे, यांपैकी जे आधी होईल ते पुरते. वारसांत पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांच्यासह जावई, सून, भाऊ आणि बहीण यांचाही समावेश होतो. वडिलांचे वय झाले आहे, रायफल कपाटात आहे, आणि ‘पुढचे पुढे पाहू’ असे घरात म्हटले जात आहे, तर हीच कागद करण्याची वेळ आहे असे समजावे. ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांची सही, त्यांची माहिती आणि नळीवरचा क्रमांक वाचून दाखवणारे त्यांचे बोट, हे तिन्ही तेव्हा हाताशी असते.

परवानाधारक निवर्तले असतील, तर ज्याच्या नावावर परवाना नाही अशा माणसाकडे ती रायफल राहणे कायदेशीर नाही, मग तो सख्खा मुलगा का असेना. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार अशी रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. दिवसकार्य आटोपले की हे काम हाती घ्यावे. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या सुधारणेनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद आहे, आणि ‘ही तर आजोबांची आठवण’ हा बचाव होत नाही. मला विचाराल तर शुल्क द्यावे लागले तरी ती विक्रेत्याकडे ठेवावी. पोलिसांच्या मालखान्यात शेकडो वस्तूंच्या गर्दीत रायफलीच्या नळीला तेल कोण लावणार? पोलीस ठाण्यातच ठेवायची वेळ आली, तर ती आपण हाताळण्याऐवजी जाणकाराकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, नळीला आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ थर द्यायला सांगावा, आणि पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक, दुर्बीण असल्यास तिचा उल्लेख व काडतुसांची संख्या हे सगळे लिहून घेतल्याशिवाय तेथून हलू नये. जमा केलेले शस्त्र ठरावीक मुदतीत परत घेतले किंवा विकले नाही, तर ते शासनजमा होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

रायफल ओळखणे

अर्ज करण्यापूर्वी आपल्याकडे नेमके काय आहे ते कळले पाहिजे, आणि खानदेशातल्या जुन्या रायफलींच्या बाबतीत गोंधळ येथेच होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली, कारण ती काडतुसे लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी बंडखोरांच्या उपयोगी पडतील अशी त्यांना धास्ती होती. मग विलायती कारागिरांनी त्या मापाच्या आगेमागे .५००/.४६५, .४७० अशी नवी बोअर काढली. त्यांच्या जोडीला .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .३७५ हॉलंड अँड हॉलंड, .४०४ जेफ्री, .४१६ रिग्बी अशी प्रत्येक कारखान्याची स्वतःची बोअर होतीच. आपल्या घरात आज अनोळखी वाटणारा आकडा असण्यामागे हा इतिहास आहे.

एकाच बोअरला दोन नावे असतात, ही दुसरी अडचण. रिग्बी कंपनीने ज्याला .२७५ म्हटले तेच जर्मन ७ बाय ५७ मिलिमीटर माउझर होय. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध रायफल याच बोअरची होती. परवान्यावर एक नाव आणि नळीवर दुसरे नाव असले, की पडताळणीच्या वेळी रायफल बदलल्याचा संशय येतो. म्हणून अर्जात दोन्ही नावे लिहावीत. तसेच .३०३ बोअर असल्यास विशेष काळजी घ्यावी, कारण लष्करी काडतूस चालणाऱ्या या रायफली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात आणि त्यांचा विषय केंद्र सरकारकडे जातो. भारतीय ऑर्डनन्स कारखान्यांनी बनवलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल मात्र सर्वसाधारण परवान्यावर चालते, आणि तिची काडतुसे देशात बनतात.

दुनळी रायफल असेल, तर विक्रेत्याच्या किंवा परवानाधारक कारागिराच्या टेबलावर ती उघडून नळ्यांचा खालचा सपाट भाग बघायला सांगावे. तेथे भिंगाखाली मुकुटाच्या लहान खुणा दिसतात, त्या लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या असतात; शेजारी ‘कॉर्डाइट’ (एक धूरविरहित दारू) हा शब्द, दारूचे वजन आणि गोळीचे कमाल वजन ग्रेनमध्ये कोरलेले असते. कॉर्डाइटचा किंवा नायट्रो चाचणीचा शिक्का असेल, तर ती रायफल धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. तसा शिक्का नसेल, तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते. हा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे : .५०० बोअरच्या तीन इंची काडतुसांत काळ्या दारूचे आणि नायट्रोचे काडतूस बाहेरून सारख्याच मापाचे असते, पण नायट्रोचा दाब कितीतरी जास्त असतो, आणि जुन्या नळीत ते उडवल्यास नळी फाटू शकते. घरात सापडलेली जुनी काडतुसे ‘चालतात का बघू’ म्हणून कधीही उडवू नयेत. रायफलीबरोबर तीही जमा करावीत.

अर्जाचे काम

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी आहेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, म्हणून शहादा, तळोदा, अक्राणी किंवा नवापूरच्या घरातला जुना परवाना धुळ्याचा असणे स्वाभाविक आहे, आणि त्याहून जुन्या कागदांवर पूर्व किंवा पश्चिम खानदेश असे लिहिलेले असते. असा कागद असल्यास मूळ नोंद कोणत्या कार्यालयात आहे हे आधी शोधावे आणि तिची प्रमाणित प्रत घ्यावी. मृत्यू दाखला, वारस दाखला, इतर वारसांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र, मूळ परवाना आणि जमा पावती हा संच पूर्ण करून ठरलेल्या नमुन्यात अर्ज करावा. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. वारसाचे वय एकवीस वर्षे पूर्ण असावे. मिळालेला परवाना पाच वर्षे चालतो आणि त्याची नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशात विशिष्ट ओळख क्रमांकासह होते.

एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. ही मर्यादा २०१९ पूर्वी तीन होती, आणि वारशाने मिळालेल्या शस्त्रालाही ती लागू आहे. वडिलांची बारा बोअर, आजोबांची रायफल आणि स्वतःची एक असे तिघांचे एकत्र जमत नाही. भावंडांत वाटून अर्ज करणे किंवा एक शस्त्र विकणे हेच मार्ग उरतात.

सातपुड्याच्या रहिवाशांनी आणखी एक कलम पाहावे. यावल आणि अनेर धरण या अभयारण्यांपासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देताना मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि त्या पट्ट्यातल्या परवानाधारकाने आपली नोंदणीही त्यांच्याकडे करावयाची असते. अर्ज महिनोन्‌महिने का अडला आहे हे अनेकांना कळत नाही, त्याचे कारण पुष्कळदा या संमतीत असते. म्हणून गावाचे अभयारण्याच्या सीमेपासूनचे अंतर अर्जाबरोबरच स्पष्ट करावे. परवाना असला तरी रायफल घेऊन परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही. ज्यांच्या घरी रायफलीबरोबर अस्वलाचे किंवा वाघाचे कातडेही आहे, त्यांनी त्याचे मालकी प्रमाणपत्र शोधावे. वारशाने आलेल्या अशा वस्तूची माहिती नव्वद दिवसांत वन विभागाला द्यावी लागते.

बोअर बदलून घेण्याचा मोह

काडतूस मिळत नाही, तेव्हा नळी बदलून किंवा आतून कोरून .३१५ करून घ्यावी, असा सल्ला हमखास मिळतो. विलायतेत किनॉक या काडतूस कंपनीने मोठ्या बोअरची काडतुसे गेल्या शतकाच्या मध्यानंतर एकेक करून बंद केली, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनणारी काडतुसे लष्करी मापांची आहेत; तेव्हा अडचण खरी आहे. परंतु परवान्याशिवाय बंदूक बनवणे, तिचा प्रकार बदलणे किंवा नळी आखूड करणे यांना किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गावातला लेथवाला कितीही हुशार असो, हे काम त्याचे नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी मी हे करू नका असेच सांगेन. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने एका ठरावीक दाबासाठी बोल्ट, कुलूप आणि नळी यांचा मेळ बसवलेला असतो. त्यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या दोन कशा वागतील याचा भरवसा उरत नाही. शिवाय मूळ बोअरमध्ये शाबूत असलेल्या रायफलीला जाणकार संग्राहक शोधत येतात, आणि बदललेल्या रायफलीला कोणी विचारत नाही.

जपणूक

परवाना हाती आल्यावर रायफल उडवली नाही तरी राखावी लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनांचे क्षार नळीत राहतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. म्हणून अशी नळी परवानाधारक कारागिराकडून एकदा गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, मग तेल लावून घ्यावी. चामड्याच्या जुन्या पेटीत रायफल कधी ठेवू नये, कारण कमावलेले चामडे ओल धरते आणि पावसाळ्यात पोलादावर तांबूस ठिपके पडतात. पेटी वेगळी जपावी. रायफल लोखंडी कपाटात कुलूपबंद, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. नळीचे तोंड खाली करून उभी ठेवल्यास जादा तेल दस्त्यात न मुरता खाली निथळते; तेल मुरलेले अक्रोडाचे लाकूड मऊ पडते आणि दस्ता सैल होतो.

जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा दस्त्याचे लाकूड सुकून आकसते. त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत चोळावेत, रात्रभर ठेवावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे. भरपूर तेल ओतून लाभ नाही, वर चिकट थर मात्र बसतो. त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून मोकळ्या जागी पसरावीत. नळीचा निळसर काळा रंग पॉलिश पेपरने घासून ‘नवा’ करण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याबरोबर चाचणीच्या खुणाही जातात.

परवाना संपण्याच्या तारखेआधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा, आणि निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला की शस्त्र जमा करून पावती मूळ परवान्याला टाचून ठेवावी. कोणाही वारसाला ही जबाबदारी नको असेल, तर जमा असतानाच परवानाधारक विक्रेत्यामार्फत ती पात्र व्यक्तीला विकता येते. व्यवहार पूर्ण झाल्यावर परवान्यावरची नोंद रद्द झाल्याचा शिक्का पाहूनच कागद मिटावेत.