ड ला काना डा

शिक्षणसेवक म्हणून धारणी तालुक्याची ऑर्डर हातात पडली तेव्हा मेळघाट मी नकाशातच पाहिला होता. माहेर सांगलीकडचं, मानधन ६,००० रुपये (आता १६,००० झालंय), शाळा द्विशिक्षकी, वाट्याला पहिली-दुसरी. डी.एड.ला माझी पाठटाचणं वर्गात फिरायची. इथे ती आठवड्यात कपाटात गेली.

बाराखडी चालू होती. ‘ड ला काना डा’ म्हटलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. टर उडवतायत असं वाटून मी डोळे वटारले. तर पुढची एक मुलगी उठली, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. या मुलांच्या घरच्या भाषेत, कोरकूत, ‘डा’ म्हणजे पाणी. मॅडमना तहान लागलीय असं तिला वाटलं होतं! त्या दिवसापासून आमचा ‘ड’ डब्याचा राहिला नाही, पाण्याचा झाला, आणि चार दिवसांत सगळ्यांना गिरवता आला.

नव्याने रुजू होणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: जाल तिथल्या मुलांच्या भाषेतले शंभरेक शब्द आधी जमवा. पाणी, जेवण, दुखतंय, भीती वाटते, शू लागली. शेवटचे दोन तर पहिल्याच दिवशी. शब्द मुलांकडूनच घ्या; मॅडमला शिकवायला मिळतंय म्हटल्यावर न बोलणारी पोरंही पुढे सरसावतात.

कोरकू ही संथाली-मुंडारी या आदिवासी भाषांच्या कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात क्रियापदाला पुल्लिंग-स्त्रीलिंग लागत नाही. म्हणून मूल ‘मॅडम आला’ म्हणतं. मी आधी दर वेळी थांबवून दुरुस्त करायचे. परिणाम एवढाच झाला की मुलं बोलेनाशी झाली. आता नुसतं म्हणते, ‘हो, मॅडम आल्या. आणि काय आणलं मॅडमनी?’ कानावर बरोबर रूप पडत राहतं, गप्पाही तुटत नाहीत. वहीत लाल रेघा मारायला अख्खी चौथी पडलीय.

‘कळलं का?’ हा प्रश्न मात्र सोडून द्या. ‘होऽऽ मॅडम’ हे सुरात येणारं उत्तर आहे, त्याचा कळण्याशी संबंध नसतो. त्यापेक्षा ‘दहा चिंचोके माझ्या हातावर ठेव’ म्हणा. हात खोटं बोलत नाही.

एका मुलाबाबतीत मी चुकले, ते सांगायलाच हवं. तो श्रुतलेखनात मध्येच थांबायचा, हाक मारली तर बघायचा नाही. हट्टी आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. पुढे लक्षात आलं, मी फळ्याकडे वळून बोलायला लागले की त्याची पेन्सिल थांबते. तो माझे ओठ वाचत होता. पुढे तालुक्याच्या विशेष शिक्षकांनी तपासणीला नेलं, ऐकू फारच कमी येत होतं. सहा महिने गेले होते. तेव्हापासून लिहिताना बोलत नाही; लिहून झालं की वळते, मग बोलते. तुम्हीही ही सवय लावून घ्या, ऐकू येणाऱ्या मुलांनाही त्याने फायदाच होतो.

पालकसभेची चिठ्ठी पाठवून कुणी येत नाही. संध्याकाळी घरी जा, खाटेवर बसा, आधी पिकापाण्याचं बोला. पिकं निघाली की बरीच घरं कामासाठी बाहेर जातात आणि होळीला परततात. परत आलेल्या मुलाला ‘इतके दिवस कुठे होतास?’ असं दरडावू नका. एकाला मी विचारलं, ‘तिकडे काय पाहिलंस?’ त्याने जमिनीवर विटांच्या रांगा काढून दाखवल्या, दहा-दहाच्या. माझा दशकाचा पाठ त्या दिवशी त्यानेच घेतला.

माझी शब्दांची दुसरी वही चालू आहे. उच्चार चुकला की वर्ग अजून हसतो, आणि ती पेलेवाली, आता चौथीत गेलेली, खिडकीतून डोकावून दुरुस्त करून जाते.