चर्चच्या पोरापोरींनो, एसएसबीला (आर्मी ऑफिसरच्या निवड चाचणीला) जायच्या आधी हे वाचा

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये तरुण संघाची मीटिंग संपली की कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच, भाऊ आर्मीत ऑफिसर व्हायचंय, काय करू? आणि मग त्याची आई गेटपाशी गाठते, बाबा तिथे गेल्यावर आमच्या पोराचा विश्वास टिकेल ना? मी एनसीसीतून गेलो, शॉर्ट सर्व्हिस (म्हणजे ठराविक वर्षांपुरती ऑफिसरची नोकरी) केली, आता परत नागपुरात आहे, म्हणून दोघांनाही एकदाच लिहून सांगतो.

आधी रस्ता. कॉलेजात असाल तर एनसीसी सोडू नका. 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि ग्रॅज्युएशनला 50 टक्के असले की एनसीसी स्पेशल एन्ट्रीने लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीचा कॉल येऊ शकतो, अर्ज शॉर्टलिस्ट झाला तर. नाहीतर यूपीएससीची सीडीएस ही लेखी परीक्षा आहेच, वर्षातून दोनदा. कामठी आपल्याला इतकी जवळ, आर्मीच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथेच, तरी आपल्याकडच्या कित्येक पोरांना जवान, जेसीओ (सुबेदार वगैरे, दोघांच्या मधले) आणि ऑफिसर यातला फरक माहीत नसतो, तेवढा तरी समजून घ्या, इंटरव्ह्यूत बसल्यावर घाम फुटत नाही मग.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशीच स्क्रीनिंग होतं आणि बरीच पोरं दुपारच्या ट्रेनने घरी, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उरलेल्यांच्या दुसऱ्या दिवशी सायकॉलॉजीच्या टेस्ट असतात आणि आपली चर्चवाली पोरं नेमकी तिथे गडबडतात असं माझं मत आहे. एसआरटी (सिच्युएशन रिअ‍ॅक्शन टेस्ट) म्हणून एक प्रकार असतो, अर्ध्या तासात 60 प्रसंग, प्रत्येकावर तू काय करशील ते एका ओळीत लिहायचं. सराव करताना आमच्या एका पोराचे पेपर बघितले तर दर तिसऱ्या उत्तरात 'त्याने प्रार्थना केली'. बरं, पुढे? जंगलात मित्राला साप चावला, तू प्रार्थना केलीस, ठीक आहे, मग त्याला हलू दिलं नाहीस का, गाडी बोलावलीस का, दवाखान्यात नेलंस का? मी त्याला बायबलमधला नहेम्याचा चौथा अध्याय काढून दाखवला. यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चालून यायची भीती होती तेव्हा त्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि त्याच वचनात पुढे रात्रंदिवस पहाराही बसवला. संडे स्कूलमध्ये आपण पहिला अर्धा भाग पाठ करून येतो आणि पहाऱ्याचं विसरतो. डब्ल्यूएटीचंही (वर्ड असोसिएशन टेस्ट, शब्द बघून मनात येईल ते वाक्य लिहायचं) तसंच, 60 शब्द, दर शब्दाला 15 सेकंद, तिथे पाठ केलेली वचनं टाकू नका, बोर्डाला तुम्ही कोण ते बघायचंय.

उलट आपल्याकडे जो खरा माल आहे तो पोरं सांगतच नाहीत. नाताळच्या आधी घरोघरी गाणी म्हणत फिरायच्या कॅरल राऊंडची जबाबदारी तुमच्यावर होती ना? मोहन नगर, मेकोसाबाग, जरीपटका, एका रात्रीत किती घरं घ्यायची, ढोलक कोणाच्या गाडीवर, लहान पोरींना घरी कोण सोडणार, दोन घरांचं आपसात पटत नाही तर आधी कोणाकडे जायचं की कोणाला वाईट वाटणार नाही, वर्गणीचा हिशोब कोणाकडे. हे सगळं तुम्ही केलंय, मग इंटरव्ह्यूत 'मी लीडरशिप क्वालिटी असलेला आहे' असं कशाला सांगता, ती कॅरल राऊंड सांगा की. विचारणारे अधिकारी खोदून खोदून विचारतात, आणि खरं केलेलं असलं की उत्तरं आपोआप येतात.

आता नेतृत्वाबद्दल मला जे कळलं ते. मत्तयाच्या आठव्या अध्यायात कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, येशूला म्हणतो की मीही ताबेदार माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. लहानपणापासून हा भाग ऐकला, पण उपदेशात नेहमी त्याच्या विश्वासावरच जोर. मला युनिफॉर्म चढवल्यावर त्यातली क्रमवारी दिसली, तो आधी सांगतो की मी कोणाच्या तरी हुकमाखाली आहे, शिपायांचं नंतर. प्लाटून (जवानांची तुकडी) मिळाली की तुमच्याहून वयाने दुप्पट असलेला सुबेदार साहेब तुम्हाला सॅल्यूट मारतो, तो काही तुमच्या हुशारीला नसतो, तुमच्या खांद्यावरच्या कमिशनला असतो. आणि तुम्ही वरचा हुकूम मनाला येईल तसा वाकवता हे जवानांना कळलं ना, की तुमचाही हुकूम ते तसाच वाकवतात, तोंडावर 'जी साहब' म्हणून.

दुसरी गोष्ट पायांची. रूट मार्च करून आल्यावर आमचे कंपनी कमांडर आधी जवानांची फूट इन्स्पेक्शन करायचे, मगच स्वतःचे बूट काढायचे. जवान ओळीने बूट-मोजे काढून बसलेले, आणि मेजर साहेब उकिडवे बसून टॉर्चने एकेकाची बोटं फाकवून बघतायत, कुठे फोड फुटलाय, कुठे टाचेची कातडी सोललीये, कोणाचे मोजे फाटकेत. वास काय असतो तो सांगत नाही! एकाने फोड लपवायला पाय आत घेतला तर त्यांनी घोटा धरून ओढला आणि नर्सिंग असिस्टंटला हाक मारली. साहेब ख्रिस्ती नव्हते, त्यांना योहानाचा तेरावा अध्याय, जिथे येशू शिष्यांचे पाय धुतो, तो माहीत असायचं कारणही नाही. पण पवित्र आठवड्यात आपल्याकडे पाळक स्वच्छ धुऊन आणलेले बारा पाय पुन्हा धुतात ते बघताना मला आता जरा हसू येतं, देव माफ करो.

आणि आयांचा प्रश्न. फौजेत जवानांचा जो धर्म त्यात ऑफिसरने सोबत उभं राहायचं अशी पद्धत आहे, मंदिर परेड, गुरुद्वारा, सगळीकडे. 2025 मध्ये एका ख्रिश्चन ऑफिसरची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, तो परेडला जायचा पण अगदी आतल्या गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला नाही म्हणाला, म्हणून आर्मीने त्याला बडतर्फ केलं, आणि कोर्टातही ती बडतर्फी कायम राहिली. चर्चमध्ये यावर दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही. मी स्वतः माझ्या जवानांसोबत आत जायचो, हात जोडून उभा राहायचो आणि मनात माझी प्रार्थना करायचो, माझ्या मनाला ते पटलं. तुमच्या मनाला पटत नसेल तर त्याचाही मान आहे, पण तो निर्णय फॉर्म भरायच्या आधी घरी बसून, पाळकांशी बोलून घ्या, युनिटमध्ये पोचल्यावर नको. बाकी घाबरायचं काही नाही. नाताळ आला की हिंदू-शीख जवानच पुठ्ठ्याचा तारा करून लटकवतात आणि केक कुठून आणायचा यावर तुमच्याआधी त्यांची मीटिंग होते.

निवड झाली तर शॉर्ट सर्व्हिसचं ट्रेनिंग चेन्नईच्या ओटीएमध्ये (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत), 49 आठवडे. सेंट थॉमस माऊंट तिथून अगदी जवळ, वर जुनं चर्च आहे. पण पहिले काही आठवडे रविवारी वर जाण्यापेक्षा झोपावंसं वाटेल, ते आईला फोनवर सांगू नका.